सोन्याच्या पानातला धूर

दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून वाटतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर याच पानात तंबाखू घालून विडी वळतात. पान इथलं, तंबाखू मात्र परदेशी. ती आणली पोर्तुगीजांनी, शब्दही त्यांचाच. डहाणूवर १७३९ पर्यंत त्यांचाच अंमल होता. 'हुक्का' अरबी, 'चिलीम' फारसी. असद बेगने विजापूरहून अकबराच्या दरबारी तंबाखू नेली, तेव्हा हकिमाने हरकत घेतली. जहांगीरने १६१७ मध्ये मनाई केली. लोकांनी मानली नाही. 'विडी' मात्र आपली, पानाच्या विड्याची धाकटी बहीण! पाहुण्यापुढे ती ठेवणं हा आदरच. पण पान रानातलं असलं म्हणून कर्करोग टळत नाही. आदर राहू द्या. नुसतं पान द्या.