खरी ब्राह्मी कोणती?

नदीकाठची ओली वाळू, तळ्याच्या कडेचा चिखल, भातखाचरांचे बांध अशा पाणथळ जागी ब्राह्मी ही देशी वनस्पती जमिनीलगत सरपटत वाढते. परंतु ब्राह्मी या नावाने आणखी एक वनस्पती ओळखली जाते. ती म्हणजे मंडूकपर्णी, मराठीतील कारिवणा. केरळात व बंगालमध्ये ब्राह्मी म्हणजे पहिलीच समजतात. उत्तर भारतात पुष्कळदा दुसरीस ते नाव देतात. पहिलीत बॅकोसाइडे, दुसरीत एशियाटिकोसाइड, अशी दोहोंतील द्रव्ये निराळी असल्यामुळे औषधासाठी पाला गोळा करणाऱ्याने हा घोटाळा टाळलाच पाहिजे.

पेरापेराला मुळे फुटतात, हे लक्षण येथे निरुपयोगी होय. ते दोहोंतही आढळते. पान पाहावे. ब्राह्मीची पाने मांसल, बिनदेठाची, समोरासमोर, टोकाशी बोथट व सरळ कडांची असून सुमारे १ ते २ सेंटिमीटर लांब असतात. मंडूकपर्णीचे पान लांब देठावर, मूत्रपिंडाच्या आकाराचे व दातेरी असते. फूल मिळाल्यास शंका उरत नाही. ब्राह्मीचे फूल पानाच्या बगलेत एकेकटे, पांढरे किंवा फिकट जांभळे, पाच पाळ्यांचे असते. मंडूकपर्णीची इवली फुले पानांखाली झुपक्याने दडलेली असतात. ती कोथिंबिरीच्या कुलातील आहे.

त्याच काठावर जलपिंपळीही पसरलेली दिसते. तिच्या पानाचा वरचा अर्धा भाग दातेरी असतो आणि फुले लांब दांड्याच्या टोकाशी बोंडासारखी दाटलेली असतात. वाळून चुरलेल्या पाल्यात यांपैकी काहीच ओळखू येत नाही. म्हणून परीक्षा ताज्या रोपावरच करावी.