जीवशास्त्राची शिकवणी : घोकणे आणि समजणे

शरद ऋतूची सुटी संपली, पहिल्या क्लाउजूरचे निकाल हाती आले की आपल्या ड्युसेलडॉर्फच्या मंडळींत एक प्रश्न हमखास फिरू लागतो. "जीवशास्त्रासाठी कोणी चांगला शिक्षक माहीत आहे का हो?" विचारणारे पालक बहुधा गोंधळलेले असतात. मुलीने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असते. आईने रात्री बसून प्रश्नोत्तरे घेतलेली असतात, व्याख्या तोंडपाठ असतात, आणि तरीही पंधरापैकी सहाच गुण पडलेले असतात. गणितात असे झाले तर कारण कळते. जीवशास्त्र तर आपल्या समजुतीप्रमाणे पाठांतराचा विषय! मग गाडी अडते कुठे?

शिक्षक शोधण्याआधी या प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. नाहीतर जो दोष आहे तोच पक्का करणारी शिकवणी आपण पैसे मोजून विकत घेऊ.

इथली प्रश्नपत्रिका काय मागते

आपल्यापैकी बहुतेकांचे शालेय जीवशास्त्र 'टिपा लिहा', 'फरक स्पष्ट करा' आणि 'सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' या वाटेने झाले. जोडीला गाइड आणि परीक्षेआधीचे एकवीस अपेक्षित. पुढे लातूर पॅटर्नने सराव परीक्षांची शिस्त राज्यभर नेली. या पद्धतीने अनेक डॉक्टर घडले, तेव्हा तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्या पद्धतीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही पुस्तकातच असतात. विद्यार्थ्याने दोहोंची गाठ घालायची, एवढेच काम उरते.

नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये २००७ पासून आबिटूरच्या प्रश्नपत्रिका राज्य पातळीवर काढल्या जातात. जीवशास्त्राच्या प्रश्नाबरोबर 'मटेरियाल' येते. म्हणजे एखाद्या प्रयोगाचे वर्णन, एक आलेख, एक तक्ता, क्वचित एखादी वंशावळ. त्यातला प्राणी किंवा आजार मुलाने पूर्वी ऐकलेलाही नसतो, आणि तसा तो मुद्दामच निवडलेला असतो. ओळखीचे तत्त्व अनोळखी ठिकाणी लावता येते की नाही, हे परीक्षकाला पाहायचे असते.

प्रत्येक उपप्रश्नात एक आज्ञार्थी क्रियापद असते. त्याला इथे 'ओपेराटोर' म्हणतात. 'नेनेन' म्हणजे फक्त नावे सांगा. 'बेश्राइबेन' म्हणजे दिसते ते सुसंगत मांडा. 'एर्क्लेरेन' म्हटले की त्यामागचा नियम दाखवून असे का घडते ते सांगावे लागते. 'बोयरटाइलेन' म्हटले की पुरावे तोलून मत द्यावे लागते. पाठांतराच्या जोरावर पहिल्या आज्ञेचे पूर्ण गुण मिळतात, दुसरीचे थोडे आणि पुढच्यांचे जवळजवळ नाहीत. सहा गुणांचे रहस्य बहुधा इथे असते. मुलीने 'एर्क्लेरेन'च्या प्रश्नाला 'नेनेन'चे उत्तर दिलेले असते, तेही दोन पाने भरून.

जर्मनीतील सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी २०२० साली आबिटूरसाठी जीवशास्त्राचे जे निकष ठरविले, त्यांत चार क्षमता सांगितल्या आहेत : विषयाचे ज्ञान, ज्ञान मिळविण्याच्या वैज्ञानिक पद्धती, संवाद आणि मूल्यमापन. पुस्तकातील मजकूर या चारांपैकी पहिलीत मोडतो.

लहान वर्गांतील पालकांसाठी आणखी एक गोष्ट. गिमनाझिउमच्या दहावीपर्यंत जीवशास्त्राला सहसा मोठी लेखी परीक्षा नसतेच. वर्गातील बोलणे, प्रयोग, वही आणि छोट्या चाचण्या यांवर गुण ठरतात. वरच्या वर्गांतही क्लाउजूर आणि वर्गातील सहभाग यांना सारखेच वजन असते. 'मोठ्यांसमोर फार बोलू नये' या संस्कारात वाढलेले आपले हुशार मूल इथे मागे पडते, आणि दोष मात्र अभ्यासाला दिला जातो.

एक साधा प्रश्न

आकलन आणि पाठांतर यांतला फरक एका प्रश्नाने कळतो. मुलाला विचारा : "अंगणातले झाड वाढून शंभर किलोचे झाले. हे वजन आले कुठून?"

प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण पाठ असलेली मुलेही "मातीतून" म्हणतात. यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या संशोधकाने हीच शंका काढून पाहिली. त्याने २०० पौंड वाळलेल्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि ५ वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले, माती मात्र जेमतेम २ औंस घटली. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचे बनते. तो अर्धाच बरोबर होता. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द याच माणसाने रूढ केला आणि ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो वायूही त्याच्या परिचयाचा होता. पण झाडाच्या लाकडातला कार्बन या वायूतून येतो हे त्याला सुचले नाही. ते उलगडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

चांगला शिक्षक समीकरण फळ्यावर लिहून थांबत नाही. तो आधी मुलाला "मातीतून" म्हणू देतो, मग मातीच्या वजनाचे आकडे पुढे ठेवतो आणि गप्प बसतो. मुलाच्या डोक्यात आधीपासून असलेली कल्पना बाहेर काढून तिच्याशी झुंजल्याशिवाय नवी कल्पना तिथे रुजत नाही. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली हेच प्रतिपादन केले : शिकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे ते शोधा आणि तिथून शिकवा.

स्वयंपाकघर आणि निआंडरथाल

यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावले की पाणी सुटते, हा परासरणाचा प्रयोग आपल्या घरात रोज होतो. डिसेंबरात विरजण लागत नाही म्हणून भांडे हीटरजवळ ठेवतो, तेव्हा आपण जिवाणूंच्या वाढीवर तापमानाचा परिणाम पाहत असतो. मटकीला पुण्यात एका रात्रीत मोड येतात, इथे थंडीत दोन दिवस लागतात. का? विकरांचा आलेख मुलाला इथूनच समजावून देता येतो. "आजी मीठ शेवटी का घालायची?" या प्रश्नाचे उत्तर ज्याला पेशीच्या भाषेत देता आले, तो क्लाउजूरमधल्या खाऱ्या पाण्यातील माशाला घाबरणार नाही.

उत्क्रांतीसाठी तर आपण जगातल्या एका मोक्याच्या जागी राहतो. हाउप्टबानहोफवरून मेटमानच्या दिशेची एस २८ पकडली की थोड्याच वेळात निआंडरथाल स्थानक येते. १८५६ साली या खोऱ्यातल्या चुनखडीच्या खाणीत मजुरांना काही हाडे सापडली. ती अस्वलाची असावीत अशी समजूत झाली. ती माणसाची, पण आजच्यासारख्या माणसाची नव्हेत, हे ओळखले योहान कार्ल फुलरोट या एल्बरफेल्डच्या शाळामास्तराने. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. रुडॉल्फ व्हिरशो या त्या काळच्या मातब्बर वैद्याने ही हाडे आजारामुळे विकृत झालेल्या माणसाची ठरविली. पुढे मास्तरच बरोबर निघाले. १९९७ मध्ये स्वान्ते पेबो यांच्या गटाने याच हाडांतून डीएनएचा अंश वाचला. पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले.

ही गोष्ट तारखांसाठी पाठ करण्याची नाही. "फुलरोटकडे कोणता पुरावा होता? व्हिरशोची शंका अगदीच चुकीची होती का? कोणत्या पुराव्याने वाद मिटला?" हे तीन प्रश्न म्हणजेच 'बोयरटाइलेन'चा अभ्यास आहे. १९९६ पासून तिथे संग्रहालय आहे. मुलाला तिथे नेऊन असे प्रश्न विचारणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

शिक्षक कसा पारखावा

शोधायला जागा बऱ्याच आहेत. हाइनरिश हाइने विद्यापीठात जीवशास्त्र आणि वैद्यक शिकणारे विद्यार्थी शिकवण्या करतात. शेजारच्या वुपर्टाल आणि कोलोनच्या विद्यापीठांत शिक्षकी पेशाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी असतात. त्यांना ओपेराटोर आणि अभ्यासक्रम यांची माहिती अधिक असते. शाळेतच वरच्या वर्गातली मुले खालच्यांना शिकवितात, तेही विचारून पाहावे. पदवी मोठी म्हणजे शिक्षक चांगला, असे नाही. स्वतःला सगळे सोपे गेलेल्या माणसाला मूल कुठे अडते ते कधीकधी दिसतच नाही.

पहिला तास 'प्रोबेश्टुंडे' म्हणून बहुतेक जण देतात. त्या तासाला शेजारच्या खोलीत बसा आणि कान द्या. कोण जास्त बोलते, शिक्षक की मूल? तासभर व्याख्यानच चालले तर ते व्याख्यान कितीही सुंदर असो, मुलाचे काम झालेले नाही. मूल चुकले की शिक्षक लगेच बरोबर उत्तर सांगतो, की "तुला असे का वाटले?" म्हणून विचारतो? अनोळखी आलेख पुढे ठेवून मुलाला त्यावर बोलायला लावतो का? स्वतःला न येणाऱ्या प्रश्नावर "पाहून सांगतो" म्हणण्याचा मोकळेपणा त्याच्याकडे आहे का? तपासलेली क्लाउजूर त्याने मागून घेतली का? जो ती न पाहताच पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो, तो औषध आधी देऊन नाडी नंतर पाहणाऱ्या वैद्यासारखा आहे.

महिन्याभराने मुलाला विचारा, "काय शिकलास?" त्याने धड्याचे नाव सांगितले तर थोडे थांबून पाहा. त्याने तुम्हालाच एखादा प्रश्न विचारला तर शिकवणी बरी चालली आहे असे समजा.

भाषेचा प्रश्नही येतो. जर्मन शिक्षक घ्यावा की मराठी जाणणारा? परीक्षा जर्मनमध्ये असल्याने लेखनाचा सराव जर्मनमध्येच हवा. पण घरी मराठीत बोलायला बिचकू नये. 'ब्लाटग्र्यून' आणि 'हरितद्रव्य', 'त्सेलवांट' आणि 'पेशीभित्तिका' या जोड्या पाहा. दोन्ही भाषांत शब्द स्वतःच आपला अर्थ सांगतो. आईला मराठीत समजावून सांगता आले, तर मुलाला ते कळले आहे.

पाठांतराला वाळीत टाकू नये

एवढे वाचून कोणी पाठांतरच बंद करील तर तेही चुकेल. शब्दच ठाऊक नसतील तर विचार कशाने करायचा? रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या तो आठवड्याभरानंतर जास्त लक्षात राहतो. आपल्याकडे पाढे म्हणवून घेत ते याच तत्त्वाने. आठवणे हे आकलनाचे जोते आहे. जोत्यालाच घर समजून थांबणे, ही घोकंपट्टी.

ज्यांना भारतात परतून वैद्यकाला जायचे आहे, त्यांची गोष्ट थोडी निराळी. २०२५ च्या नीट परीक्षेत १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे होते, सगळे पर्यायी उत्तरांचे. तिथे वेग आणि तपशील लागतो. आबिटूर आणि नीट यांची तयारी एकाच तासात उरकू पाहणारा शिक्षक दोन्हींना न्याय देऊ शकत नाही. तेव्हा कोणत्या वाटेने जायचे ते आधी घरात, मुलाशी बोलून ठरवावे. इथल्या वैद्यकीय प्रवेशातही २०२० पासून मुख्य वाटपातील ३० टक्के जागा केवळ आबिटूरच्या गुणांवर भरतात, म्हणून हा निर्णय दहावीनंतर रेंगाळत ठेवू नये.

शेवटी एक विनंती. ज्यांना असा शिक्षक मिळाला आहे, त्यांनी तो स्वतःपुरता ठेवू नये. पुढच्या स्नेहमेळाव्यात चहाच्या वेळी चार पालकांच्या कानी घालावे. आणि मुलीचे सहाचे दहा गुण झाले तर पेढे जरूर वाटावेत. मात्र त्याआधी तिला अंगणातल्या झाडाचे वजन कुठून आले ते विचारून घ्यावे.