किडनीतली गाठ: रिपोर्टसोबत ब्लॉकही आणा

किडनीत गाठ म्हटलं की घरचे एकच शब्द ऐकतात, कॅन्सर. भीती अनाठायी नाही. मोठ्या माणसांच्या किडनीतल्या बहुतेक भरीव गाठी मूत्रनलिकांच्या अस्तरातून उठलेला कॅन्सरच असतात. पण किडनीत रक्तवाहिन्या आहेत, स्नायू आहेत, तंतू आहेत. क्वचित गाठ तिथूनही उठते. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझा खरा कस अशा वेळी लागतो.

यातली त्यातल्या त्यात नेहमीची म्हणजे अँजिओमायोलायपोमा. बहुधा निरुपद्रवी. तिच्यातली चरबी सीटी स्कॅनवर काळसर दिसते आणि रेडिओलॉजिस्ट सुई न घालताच निदान करतात. चरबी नावापुरतीच असली की मात्र ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. मग आम्ही एचएमबी-४५ ही तपासणी लावतो. मुळात ती त्वचेच्या मेलॅनोमासाठी, पण या गाठीतल्या पेशीही तिने रंगतात. किडनीचा नेहमीचा कॅन्सर रंगत नाही.

मध्यंतरी एका तरुण शिक्षिकेचे वडील तिच्या किडनीतल्या गाठीचा बाहेरचा रिपोर्ट आणि एकच स्लाइड घेऊन आले. रिपोर्टात ‘सार्कोमाची शक्यता’, म्हणजे स्नायू, तंतू अशा ऊतींतून उठणारा कॅन्सर. स्लाइडवर सूतकताईच्या चातीसारख्या लांबट, टोकदार पेशी दाटून बसलेल्या. अशा पेशी सायनोव्हियल सार्कोमात दिसतात, लायोमायोसार्कोमात दिसतात, सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्येही दिसतात. नुसत्या नजरेने यावर शिक्कामोर्तब करणं मला मान्य नाही. मी म्हटलं, “काका, आधी ब्लॉक आणा.”

ब्लॉक म्हणजे तुकडा ज्या मेणात बसवतात ती छोटी वडी. तिचेच तीन-चार मायक्रॉन जाडीचे नवे काप काढून पुढच्या तपासण्या होतात. ब्लॉक आला, आम्ही स्टॅट-६ ही तपासणी लावली आणि पेशींची केंद्रकं गडद तपकिरी झाली. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये एनएबी-२ आणि स्टॅट-६ ही दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात, हे २०१३ साली समजलं. निदान झालं: सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. सायनोव्हियल सार्कोमा असता तर एसएस-१८ जनुकातला बदल सापडला असता, आणि केमोथेरपीचा विचार करावा लागला असता. इथे शस्त्रक्रिया पुरली. ही गाठ बऱ्याच वर्षांनीही उलटू शकते, म्हणून स्कॅन मात्र चालू ठेवायचे.

दुर्मीळ गाठीचं नाव रिपोर्टात आलं, तर दुसरं मत जरूर घ्या. जाताना रिपोर्ट, सगळ्या स्लाइड, ब्लॉक आणि स्कॅनची सीडी सोबत न्या. लॅबकडे ब्लॉक लेखी मागा आणि काम झाल्यावर तो जपून ठेवा.