बोक्याची लघवी तुंबली तर सकाळची वाट पाहू नका. उशिरानेच खर्च वाढतो

बारडोली : रात्रीचे दहा वाजलेत. घरचा बोका पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, पण ट्रे कोरडाच. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पोट साफ होत नसेल, सकाळी बघू.’ नेमकी इथेच चूक होते. हे बद्धकोष्ठ नसून लघवी तुंबलेली असू शकते.

नर मांजराचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. खडे, बारीक वाळूसारखे कण किंवा चिकट स्राव अडकला की तो बंद होतो. लघवी तुंबली की मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. उलट्या, सुस्ती, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं ही पुढची लक्षणं.

घरी काय करू नये?

पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, मूत्राशय फुटू शकतं. माणसाची वेदनाशामक गोळी तर अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला पचवता येत नाही. एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. बोक्याला पिंजऱ्यात किंवा हवा जाईल अशा खोक्यात ठेवा. शेवटची लघवी कधी झाली ती वेळ लिहून ठेवा. आधी फोन करा, मगच निघा.

फोन कुठे करायचा?

बारडोली हा दूध-ऊसाचा पट्टा. इथल्या पशुवैद्यकांचं बरंचसं काम गाई-म्हशींचं. म्हणून फोनवरच विचारा : मांजराला भूल देऊन नळी घालता का, रात्री दाखल करून घेता का? नसेल तर सुरत किंवा नवसारी. दोन्ही साधारण तीस-पस्तीस किलोमीटरांवर. नवसारीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या दवाखान्यात खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो, पण रात्रीची सोय आहे का ते आधी विचारावं. मुंबईकडच्या वाचकांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलंच बाई साकरबाई रुग्णालय ठाऊक असेलच.

१९६२ हा क्रमांक गुजरात-महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो. मात्र गुजरातची करुणा रुग्णवाहिका मुख्यतः बेवारस, जखमी पशुपक्ष्यांसाठी आहे, तर गावोगावच्या फिरत्या दवाखान्यांचा भर गुराढोरांवर असतो. घरच्या मांजरासाठी फक्त त्यावर विसंबून राहू नये.

बिल कसं वाढतं?

तपासणी, रक्तचाचणी, भूल, नळी, सलाईन, औषधं आणि दाखल ठेवण्याचे दिवस अशी बिलाची कलमं असतात. लवकर नेलं तर दिवस कमी लागू शकतात. उशीर झाला की चाचण्याही वाढतात आणि मुक्कामही. म्हणजे ‘सकाळी बघू’ म्हणून पैसे वाचत नाहीत, उलट जास्त जातात.

डॉक्टरांना आपलं बजेट सांगायला लाजू नये. सरळ विचारावं : ‘जीव वाचवायला आत्ता काय लागेल? नंतर केलं तरी चालेल असं काय आहे? अंदाज लिहून द्याल का? हप्त्याने दिले तर चालेल का?’ एकदा नळी काढल्यावरही लघवी पुन्हा तुंबू शकते, तेव्हा त्या खर्चाचाही अंदाज घ्यावा.

आधीची तयारी

महिन्याला ३०० रुपये बाजूला टाकले तर वर्षाला ३,६०० होतात. पूर्ण बिल त्यात निघेलच असं नाही, पण रात्री गाडी करून डॉक्टरांपर्यंत पोचायला आणि उपचार सुरू करायला हाताशी रक्कम असते. मांजराचा विमा घेणार असाल तर प्रतीक्षा कालावधी आणि आधीच्या आजारांची अट वाचा. बोका आजारी पडल्यावर काढलेला विमा त्या दुखण्याला कामी येत नाही.

रोज भरपूर पाणी, फक्त कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणंही, वजनावर लक्ष आणि स्वच्छ ट्रे यामुळे धोका कमी होतो. ट्रे साफ करताना आज लघवी झाली का, एवढं बघायला पैसा लागत नाही.