अनुकृतीतून तैलव्यक्तिचित्र

तैलरंगातील व्यक्तिचित्र शिकण्यासाठी एखाद्या मान्यवर चित्राची अनुकृती करणे, म्हणजे त्याची रचना, छटा आणि रंगथर आपल्या कॅनव्हासवर पुन्हा उभे करणे, ही चित्रशिक्षणातील जुनी रीत आहे. पण तिचा हेतू केवळ हुबेहूब साम्य साधणे एवढाच मानला, तर तिचे खरे मोल हातून निसटते. पूर्ण झालेल्या चित्रात मुख्यतः वरचा थर डोळ्यांत भरतो, आणि त्याखाली चित्रकाराने काय आधी केले व काय शेवटापर्यंत राखून ठेवले हे ओळखणे, हेच या अभ्यासाचे मर्म आहे.

१८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ही रीत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात तेथील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृती कॅनव्हासवर तैलरंगात केल्या, आणि त्या कामात घडलेले पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) पुढे पारशी जीवनाचे व व्यक्तिचित्रांचे नामवंत चित्रकार झाले.

कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्याला या विषयाचा एक धडा बोरघाटाच्या माथ्यापलीकडेच सापडतो. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला, आणि तेथील शिळामुद्रित चित्रे, ज्यांत साधारणपणे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून एकावर एक छाप घेतले जात, महाराष्ट्रातील असंख्य घरांत पोचली. परंतु अशा छापातील थरांचा क्रम दगडांचा असतो, कुंचल्याचा नव्हे. म्हणून छापील चित्रावरून रेखाटन आणि छायाप्रकाश शिकता आला, तरी रंगाची जाडी आणि पारदर्शकता शिकता येत नाही. त्यासाठी मूळ चित्रच पाहावे लागते, आणि खोपोली-कर्जतच्या लोकलने मुंबईस जाऊन टाटा संग्रहातील युरोपीय तैलचित्रे असलेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठणे दिवसभरात सहज शक्य आहे. तेथे चित्रासमोरून किंचित बाजूला सरकून तिरप्या नजरेने पाहिले, की उजळ भागांतील जाड रंग आणि सावलीतील पातळ रंग यांतला फरक उठून दिसतो.

प्रत्यक्ष कामात मूळ चित्रावर व कॅनव्हासवर सारख्या प्रमाणात चौकटी कल्पून आराखडा उतरवतात. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या मातकट तपकिरी रंगाने, अम्बरने, केवळ छायाप्रकाश मांडतात. या अवस्थेतच डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची सावली आणि गालाचे वळण बसले नाही, तर पुढचा कितीही सुंदर रंग चेहऱ्याला सावरू शकत नाही. यानंतरच्या प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण आधीच्या थरापेक्षा कमी असू नये, कारण जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, आणि कमी तेलाचा थर वर आला तर खालचा थर हलत असताना तो तडकतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पावसाळी पट्ट्यात ओलाव्याने कॅनव्हास सैलावतो व त्यावर बुरशीही येते. म्हणून थरांमध्ये अधिक दिवस सोडणे आणि चित्र ओल्या भिंतीपासून दूर ठेवणे येथे अत्यावश्यक ठरते.

पूर्ण झालेल्या अनुकृतीच्या मागील बाजूस मूळ चित्रकाराचे नाव, 'यांच्या चित्रावरून' हे शब्द, स्वतःचे नाव आणि वर्ष स्पष्ट लिहावे. मूळ चित्रातील स्वाक्षरी मात्र उतरवू नये.