पेट्यातले दाणे

वटवाघळांच्या नादी लागलेल्या माणसाकडे बेट्स आणि हॅरिसन यांचं ‘बॅट्स ऑफ द इंडियन सबकॉन्टिनेंट’ असतंच. बेळगावजवळच्या बारापेडे गुहांची वाट मला त्याच पुस्तकानं दाखवली. १९९७ साली निघालेल्या या ग्रंथाच्या सुरुवातीच्या पानांवर प्रकाशनस्थळ छापलं आहे : सेव्हनओक्स. इंग्लंडच्या केंट परगण्यातलं हे छोटं गाव. आपल्या वटवाघळांचा सगळा हिशोब तिथून का छापला जावा, या कुतूहलापोटी मी डेव्हिड हॅरिसन यांच्या घराण्याच्या मागे लागलो आणि वटवाघळं राहिली बाजूला. डेव्हिड यांचे थोरले भाऊ जेफरी यांनी गावाबाहेरच्या एका वाळू-गोट्यांच्या खाणीचं काय केलं, तिथं मी अडकलो तो आजवर.

डॉ. जेफरी हॅरिसन पेशानं डॉक्टर, मनानं पक्षिवेडे आणि हौसेनं शिकारी. १९५६ साली त्यांनी डॅरेंट नदीकाठची ही खाण हाती घेतली, तेव्हा तिथं खोदकाम चालूच होतं. सोबत होती बदकं मारणाऱ्या शिकाऱ्यांची संघटना ‘वॅगबी’. ही संघटना १९०८ सालची. शिकाऱ्यांनी पक्ष्यांसाठी आसरा उभारायचा, ही गोष्ट आपल्या कानाला खटकते. मलाही खटकली होती. पण पुढचं सगळं त्या खटकणाऱ्या गोष्टीतूनच उगवलेलं आहे.

नदीकाठची खाण आपल्या डोंगरातल्या दगडखाणीसारखी नसते. वरची माती काढून बाजूला रचतात, खालचे गोटे उपसतात आणि भूजल आपोआप वर येऊन खड्डा भरतो. उरतं ते काठाशीच एकदम खोल जाणारं निर्मळ पाणी. निर्मळ म्हणजे उपाशी. तळाला ना गाळ, ना कुजलेलं पान, ना किडा. अशा पाण्यावर बदक फार तर रात्रीपुरतं उतरेल. काठ उतरते करायचे, बाजूला रचलेली माती कडेच्या उथळ पाण्यात पसरायची, मधेमधे न खोदलेली जागा बेट म्हणून सोडायची, किनारा सरळ न ठेवता वेडावाकडा करायचा, हे आज कुठल्याही आराखड्यात सापडतं. यंत्रं जागेवर आहेत तोवर हे फुकटात पडतं. ती निघून गेल्यावर प्रत्येक फावड्याचे पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे पुनर्भरणाचा विचार खाण बंद पडल्यावर सुरू होतो, आणि मग कागदोपत्री गिरिपुष्प नि सुबाभूळ लावून प्रकरण मिटतं. याचा मला मनापासून राग आहे.

लावायचं काय, हा खरा प्रश्न. बागाईतदार शोभेची झाडं सुचवेल, वनखातं लवकर वाढणारी. हॅरिसन यांनी उत्तर शोधलं बदकाच्या पेट्यात. पेटा-कलेजी खाणाऱ्याला पेटा म्हणजे काय हे सांगायला नको. बदकाला दात नसतात. गिळलेले बारीक खडे पेट्यात साठतात आणि स्नायूंच्या त्या जात्यात बिया दळल्या जातात. मारलेल्या बदकांची आतडी-पेटे शिकाऱ्यांनी जपून पाठवायची, अभ्यासकांनी ती फोडून दाणा न् दाणा ओळखायचा, असा उद्योग तेव्हा इंग्लंडात जोरात होता. पीटर ओल्नी या अभ्यासकानं चक्रांग आणि मलार्ड बदकांच्या आहारावर याच मार्गानं लेख लिहिले. चक्रांगाच्या पोटात अल्डर आणि बर्चच्या बारीक बिया निघाल्या, की पाण्याच्या कडेला अल्डर आणि बर्च. (हा बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा सख्खा भाऊ.) लव्हाळ्यांच्या बिया निघाल्या, की उथळात लव्हाळे. खाणीच्या लागवडीची यादी अशी मेलेल्या पक्ष्यांनी लिहून दिली. जो खाणार त्यालाच विचारून पेरायचं! मी वाचलेल्या लागवडीच्या सगळ्या आराखड्यांत इतका साधा आणि इतका आदबशीर विचार मला दुसरा दिसलेला नाही.

आता घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जेफरींचे वडील डॉ. जेम्स हॅरिसन हेही नामांकित पक्षितज्ज्ञ. १९५३ चं ‘द बर्ड्‌स ऑफ केंट’ त्यांचं. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ या मासिकानं बॉम्ब टाकला. १८९२ ते १९३० या काळात हेस्टिंग्जच्या आसपास मारल्या गेलेल्या दुर्मीळ पक्ष्यांच्या शेकडो नोंदी अविश्वसनीय ठरवण्यात आल्या. बरेचसे पक्षी जॉर्ज ब्रिस्टो या पेंढा भरणाऱ्या दुकानदाराच्या हातून पुढे गेले होते. पक्षी परदेशातून बर्फात घालून आणले असावेत, असा संशय. जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञानं आकडे मांडून दाखवलं, की एवढ्याशा टापूत एवढे दुर्मीळ पाहुणे योगायोगानं येणं जवळजवळ अशक्य. ब्रिस्टो १९४७ सालीच वारला होता. उत्तर द्यायला तो नव्हता. त्याच्या वतीनं उभे राहिले म्हातारे जेम्स हॅरिसन. १९६८ साली त्यांनी त्याच्या बचावाचं अख्खं पुस्तक काढलं. मला आकडे पटतात, पण मेलेल्या दुकानदारासाठी वाद अंगावर घेणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी आदर वाटतो तो वाटतोच.

वडील मेलेल्या पक्ष्यांच्या साक्षीसाठी भांडत होते आणि त्याच वर्षांत मुलगा मेलेल्या पक्ष्यांच्या साक्षीवर तळी उभारत होता. या जुळणीनं मला कितीतरी दिवस झोपू दिलं नाही, कारण मुलाच्या साक्षीदारांतही खोट होती. मऊ अळी पेट्यात काही मिनिटांत विरते, टणक बी तासन्‌तास टिकते. म्हणजे पेटा उघडला की बियाच जास्त दिसणार. १९७० साली अमेरिकेत स्वॉन्सन आणि बार्टोनेक यांनी हे नेमकं दाखवून दिलं. तेव्हापासून अभ्यासक पेट्याआधी अन्ननलिका तपासतात. दुसरी खोट त्याहून मोठी. इंग्लंडात बदकांची शिकार सुरू होते १ सप्टेंबरला. म्हणजे साक्ष मिळाली ती शरद-हिवाळ्यातल्या वाढलेल्या बदकांची. मे-जूनमध्ये अंड्यातून निघालेल्या पिल्लाला कुणी गोळी घातली नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं यादीत आलंच नाही.

ते पुढे आलं मिल्टन कीन्सजवळच्या ग्रेट लिनफर्डच्या खाणतळ्यांवर. तिथं निक जाइल्स आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की पिल्लांना पहिल्या दिवसांत बी नको, किडे हवेत. विशेषतः न चावणारी चिलटं आणि पाण्यातल्या त्यांच्या अळ्या. अळ्यांवर डल्ला मारत होते मासे. एका तळ्यातले मासे मोठ्या प्रमाणात काढून टाकले, तर किडे वाढले, पाणवनस्पती परतल्या, आणि मलार्ड नि शेंडी बदकांची पिल्लं जास्त जगू लागली. जाइल्सनी १९९२ च्या ‘वाइल्डलाइफ आफ्टर ग्रॅव्हल’ पुस्तकात ही हकीकत सविस्तर मांडली आहे. जेफरी हॅरिसन १९७८ सालीच गेले. हे वाचून ते हिरमुसले नसते, तळ्यावर धावले असते, असं मला वाटतं.

सेव्हनओक्सचं तळं आज केंट वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आहे, आणि तिथल्या अभ्यागत केंद्राला जेफरींचं नाव दिलं गेलं.

एका पक्ष्याचं म्हणणं मात्र कुठल्याच पेट्यातून निघालं नसतं : छोटा कंठेरी चिखल्या. इंग्लंडात त्याचं पहिलं घरटं सापडलं १९३८ साली, ट्रिंगच्या जलाशयावर. पुढे तो पसरला तो मुख्यतः चालू खाणींतून. त्याला लागवड नकोच. उघडे गोटे हवेत. विलोचं रान माजलं की तो उठून जातो, म्हणून त्याच्यासाठी एखादं बेट दरवर्षी खरवडून बोडकं ठेवावं लागतं. हाच पक्षी आपल्या आटलेल्या नदीपात्रांत उन्हाळ्यात अंडी घालतो. घरटं म्हणजे गोट्यांतला नुसता खळगा, त्यात गोट्यांच्याच रंगाची, ठिपकेदार चार अंडी. वाळूचे ट्रॅक्टर नेमके त्याच महिन्यांत पात्रात उतरतात.