घोणस, फुरसे आणि चापडा : ओळख व अधिवास

त्या वर्षीच्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या सरपणाच्या खोलीत एक साप निघाला. पाचवीतील मुले ‘अजगराचे पिल्लू’ म्हणून त्याच्याभोवती गोळा झाली आणि एकाने तर ते उचलण्यासाठी हातही पुढे केला. तोच त्या ‘पिल्ला’ने कुकरमधून वाफ सुटावी तसा दीर्घ फूत्कार टाकला, म्हणून मुले मागे सरली. ती घोणस होती. आम्ही इतिहासाचे शिक्षक. प्राणिशास्त्राशी आमचा संबंध पाठ्यपुस्तकापुरता. परंतु त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचावे, सर्पमित्रांना विचारावे आणि दर पावसाळ्यापूर्वी मुलांना सांगावे, असा परिपाठ आम्ही ठेवला. आपल्या शाळेतील बहुसंख्य मुलांचे आईवडील आजही शेतात, उसाच्या फडात वा वीटभट्टीवर राबतात. साप ओळखण्याचा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ जिज्ञासेचा नाही.

शास्त्रज्ञ ज्या सर्पकुळाला ‘व्हायपर’ म्हणतात, त्या संपूर्ण कुळाला मराठीत एक नाव नाही. आपल्या लोकांनी प्रत्येक जातीला वेगळे नाव दिले : घोणस, फुरसे, चापडा. या कुळाची खरी खूण तोंडाच्या आत असते. त्यांचे पुढचे दोन विषदंत लांब व पोकळ असून खिशातल्या चाकूच्या पात्याप्रमाणे टाळूला मिटून राहतात आणि चावा घेताना उघडून पुढे येतात. नाग व मण्यार यांचे दात आखूड व स्थिर असतात. अर्थात दात पाहण्याची वेळ कोणावर न येवो! बाहेरून पाहता जाड शरीर, आखूड शेपूट, मानेहून स्पष्ट रुंद असे त्रिकोणी डोके आणि मांजरासारखी उभी बाहुली ही लक्षणे दिसतात. मात्र ‘त्रिकोणी डोके म्हणजे विषारी’ हा समज घातक आहे. मण्यारीचे डोके त्रिकोणी नसते, आणि कित्येक बिनविषारी साप घाबरले की डोके चपटे करतात.

घोणशीच्या तपकिरी अंगावर गडद, लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी डोक्यापासून शेपटीपर्यंत साखळीसारख्या गेलेल्या असतात. पूर्ण वाढलेली घोणस साधारणतः चार फुटांची, क्वचित पाच फुटांहून अधिक. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते; एका वेळी वीस ते चाळीस, कधी त्याहूनही जास्त. ही पिल्ले जन्मतःच विषारी असतात. पुण्याच्या टेकड्या, ओढ्याकाठची झुडपे, उसाचे फड, गवताच्या गंजी, जिथे उंदीर तिथे घोणस. आळशीपणे पडून राहते, पाय जवळ आला तरी सरकत नाही, आणि रंग पाचोळ्याशी इतका मिळतो की दिसत नाही. तिचे शास्त्रीय नाव ‘दबोया’ हे दडून राहणारी या अर्थाच्या हिंदी शब्दावरून आले, असे सांगतात. इंग्रजी नाव पॅट्रिक रसेल या स्कॉटिश शल्यवैद्याचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणम परिसरात असताना त्याने येथील सापांचा अभ्यास केला आणि १७९६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातली एक गोष्ट खटकते : रसेलला साप पकडून आणून देणाऱ्या गारुड्यांची नावे कोणत्याही सापाला मिळाली नाहीत.

घोणस ओळखताना फसगत होते ती दोन ठिकाणी. अजगराच्या पिल्लाचे ठिपके मोठे, कडा वेड्यावाकड्या आणि अंग गुळगुळीत असते. घोणशीचे ठिपके एकसारखे, साखळीचे आणि अंग खरखरीत. दुसरी फसगत नावातच आहे. डुरक्या घोणस हा साप मुळीच विषारी नाही. तो मांडुळाचा नातलग. तोंड बोथट, शेपूट थोटकी, ठिपके ओबडधोबड. घोणस समजून तो मारला जातो हे वाईटच, पण डुरक्या समजून कोणी घोणशीला हात लावला तर ती चूक सुधारण्याची संधी मिळेलच असे नाही. म्हणून मुलांना आम्ही फरक शिकवतो आणि लगेच सांगतो की हा फरक दहा फुटांवरून पाहण्यासाठी आहे.

फुरसे आकाराने एवढेसे, आपल्याकडे बहुधा फूट-दीड फुटाचे. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी पांढुरकी खूण, दोन्ही कुशींवर नागमोडी रेघ. चिडले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि खवल्यांच्या दातेरी कण्यांमुळे करवत चालवल्यासारखा आवाज येतो. माळरान, खडकाळ उतार आणि कोकणातील जांभ्या दगडाचे सडे हे त्याचे घर; दगड उचलावा तर खाली फुरसे. मांजऱ्या साप त्याच्यासारखा दिसतो, पण त्याचे अंग सडपातळ, शेपूट लांब आणि हा आवाज त्याला काढता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील फुरशांचा इतिहास तर सरकारी दप्तरात नोंदलेला आहे. इंग्रज सरकारने मेलेल्या सापामागे बक्षीस लावले, तेव्हा डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ साप जमा झाल्याची नोंद आहे. पुढे सहा वर्षांची वार्षिक सरासरी २,२५,७२१ फुरशांची होती, असे व्हिडाल या अधिकाऱ्याने १८९० मध्ये लिहिले. इतके मारूनही फुरसे संपले नाही. सड्यावरचे दगड आजही तेच आहेत. आम्हांला या आकड्यांत सापांपेक्षा माणसे अधिक दिसतात. काही पैशांच्या बक्षिसासाठी इतक्या विषारी जनावरांना हात घालण्यास तयार होणारे लोक कोण असतील आणि त्यांच्यापैकी किती दंशाने गेले असतील, याचा कोठे हिशेब आमच्या वाचनात नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर गेलो की चापडा भेटतो. हिरवा चापडा बांबूच्या बेटात व कारवीत फांदीला शेपटी गुंडाळून बसतो. मलबारी चापडा दक्षिणेकडे, आंबोली व गोव्याच्या जंगलांत. हिरवा, पिवळा, तपकिरी अशा अनेक रंगांत तो आढळतो. या गटाच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस एकेक खळगा असतो, त्याने उष्ण रक्ताच्या भक्ष्याची ऊब अंधारातही कळते. ट्रेकिंगला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात फांदी धरण्यापूर्वी ती नीट पाहावी.

जगाचा विचार केला तर या कुळात साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. ऑस्ट्रेलियात व मादागास्करमध्ये त्यांपैकी एकही नाही. युरोपातील ॲडर उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडेही तग धरतो, आणि ब्रिटनमधला तो एकमेव विषारी साप. आफ्रिकेच्या वर्षावनातील गबून व्हायपरचे दात सुमारे दोन इंच लांब, म्हणजे सर्व सापांत सर्वांत मोठे. अमेरिकेत खुळखुळ्या शेपटीचे रॅटलस्नेक. त्यांच्यातलाच एक तापलेल्या वाळूवर अंग कमीत कमी टेकवत आडवा सरकतो. ब्राझीलमधील जराराका या सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरचे औषध निघाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज रक्तदाबाची त्याच वर्गातील गोळी असेल.

परंतु आपला संबंध घोणस व फुरशाशी. यांचे विष मुख्यतः रक्तावर चालते. रक्त गोठण्याची शक्ती जाते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त येते, आणि घोणशीच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दवाखान्यात थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवतात; ते गोठले नाही तर विष भिनले असे समजतात. इतकी साधी ही परीक्षा आहे. त्यावर मंत्र नाही, मुळी नाही, जखम कापणे वा आवळून बांधणेही नाही. अंगठ्या, जोडवी काढावीत, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकास फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते. चापड्यावर ती बनविलेली नाही. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

अहिराज सुत्तात भिक्खूला सर्पदंश झाल्यावर भगवंतांनी सर्पकुळांप्रति मैत्री सांगितली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याच परंपरेच्या विनयपिटकात सर्पदंशावरील औषधयोजनाही आहे. त्या काळचे औषध त्या काळचे. आपल्या काळचे रुग्णालयात आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना उसाच्या फडात पहाटे घोणस चावली. मुकादमाने आधी देवऋष्याकडे नेले, त्यात तीन तास गेले. ते वाचले, पण पुढे महिनाभर डायलिसिसवर होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातली. राज्यात शेतकरी कुटुंबांसाठी अपघात अनुदान योजना आहे आणि तीत सर्पदंशाचा समावेश आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी. फडात कोयता चालवणाऱ्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर कोठून असणार?

कात्रज येथे १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले. सहलीसाठी आम्ही पाचवीच्या मुलांना तेथेच नेतो. काचेपलीकडे घोणस वेटोळे घालून पडलेली असते. गेल्या खेपेस एक मुलगी बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिली, ठिपके बोटाने मोजत. मग म्हणाली, “सर, आमच्या आईला सुट्टीत दाखवीन. ती फडात पुढे असते.”